व्हॅलेंटाईनच्या कपल नाइटबद्दल आमच्या पॅरिश कौन्सिलला खुलं पत्र

फादर, पॅरिश कौन्सिलची मंडळी आणि युवा गटातल्या पोरापोरींनो,

चर्चच्या पोर्चमधलं पोस्टर वाचलं. १४ फेब्रुवारी, शनिवार, 'सेंट व्हॅलेंटाईन कपल नाइट', डीजे, हाऊजी (तंबोला), स्पॉट प्राइझ, बेस्ट कपलला ज्वेलरकडून हॅम्पर, पास जोडीला पंधराशे, सिंगल एन्ट्री नाही. वर लाल हृदय, बाजूला पंखवालं उघडं बाळ धनुष्य ताणून उभं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात बायबलमधलं 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे'. ज्याने डिझाइन केलंय त्याने मेहनत घेतलीय, फॉन्ट पण छान आहे. पण ते वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय, आणि पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मग्रामाच्या, ग्रुपवर लिहिलं तर दोन अंगठे आणि एक हात जोडलेला इमोजी येऊन विषय संपेल म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय.

आधीच सांगते, नाचगाण्याला माझा अजिबात विरोध नाही. वसईत जन्मलेल्या बाईने ब्रास बँडला विरोध केला तर तिला माहेरी पण कोणी जेवायला वाढणार नाही. आणि ते 'पाश्चात्त्य संस्कृतीचं अतिक्रमण' वगैरे तर माझ्या तोंडून येणारच नाही, ज्या लोकांना आपला धर्मच परदेशी वाटतो त्यांचं भाषण आपण कशाला पाठ करायचं.

बाजाराला नावं ठेवायचा हक्क पण मला फारसा नाही. आमच्या घरचा खर्च मोगरा, कागडा आणि सोनचाफ्यावर चालला. पप्पा पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन दादरच्या फुलबाजारात जायचे, ती फुलं पुढे कुठे गेली, देवाला, गजऱ्याला, का कोणाच्या लग्नाच्या मांडवाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. गणपती-दसऱ्याला भाव चढला की आमच्या ख्रिस्ती घरात आनंद, इतकं साधं होतं ते. आज मावळात तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसवाले शेतकरी डिसेंबरातच छाटणीचा हिशोब बसवतात, कारण गुलाब जानेवारीच्या शेवटी तोडायला आला तरच परदेशात चौदा तारखेच्या आत पोचतो. त्यांना जाऊन मी काय सांगू, की प्रेम विकू नका? कर्ज काढून पॉलिहाऊस बांधलंय त्यांनी.

तरी वैताग आहेच. सात तारखेपासून सुरू होतं ते, रोझ डे, प्रपोज डे, चॉकलेट डे, टेडी डे, प्रॉमिस डे, हग डे, किस डे, आणि मग मुख्य दिवस, म्हणजे आपल्या नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थनेला पण लाजवेल अशी तयारी. हे काही आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकेत एस्थर हाउलँड नावाच्या बाईने १८४० च्या दशकाच्या शेवटी वुस्टरमध्ये लेसची कार्डं बनवून विकायला सुरुवात केली, इंग्लंडात कॅडबरीच्या घरातल्या रिचर्डने १८६० च्या दशकात हृदयाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा काढला, जपानात तर बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं आणि पुरुषांनी महिन्याने १४ मार्चला परतफेड करायची, त्याला व्हाईट डे म्हणतात, मिठाईवाल्यांनीच काढलेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आणि कार्डांच्या दुकानांसोबत आला. दुकानदाराने दुकान चालवलं, त्याचं कामच ते. मी लग्नानंतर पहिल्याच फेब्रुवारीत नवऱ्याला सांगून टाकलं की मला चौदा तारखेला काही नको, आणि त्याने इतक्या पटकन 'ओके' म्हटलं की मलाच जरा लागलं. असो.

माझी अडचण दुकानाशी नाही, आपल्याशी आहे, आणि ती त्या 'सेंट' या अडीच अक्षरी शिक्क्यापासून सुरू होते.

हा संत आपण १९६९ साली चर्चच्या सणांच्या कॅलेंडरवरून काढला. मी नाही, पोप सहावे पॉल यांच्या काळात रोमने. संतांची यादी तपासली तेव्हा कारण सरळ दिलं, की रोमजवळ फ्लामिनिया रस्त्यावर १४ फेब्रुवारीला त्याला पुरलं यापलीकडे या माणसाबद्दल खात्रीचं काही माहीत नाही. तो संत नाही असं कोणी म्हटलं नाही, हुतात्म्यांच्या यादीत नाव अजून आहे, फक्त जगभरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्याचा सण राहिला नाही. व्हॅलेंटाईन नावाचे एकाहून जास्त हुतात्मे सांगतात, एक रोमचा, एक तेर्नीचा बिशप, एकच माणूस का दोन यावरही वाद. एक कवटी रोमच्या चर्चमध्ये फुलांचा मुकुट घालून ठेवलीय, काही अवशेष पोप सोळावे ग्रेगरी यांनी आयर्लंडच्या एका कार्मेलाईट पंथाच्या फादरना दिले, ते १८३६ पासून डब्लिनमध्ये आहेत. प्रेमाशी त्याचं नाव जोडलेलं पहिल्यांदा दिसतं ते चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या कवितेत, त्या दिवशी पाखरं जोडीदार निवडतात अशी कल्पना. म्हणजे बिचारा गेल्यावर हजारेक वर्षांनी.

आणि १४ फेब्रुवारीला आपल्या कॅलेंडरात आता कोण आहे माहितीय? सिरिल आणि मेथोडियस, थेस्सलोनिकीचे दोन भाऊ, नवव्या शतकातले. सिरिल ८६९ मध्ये याच तारखेला रोममध्ये वारला. या दोघांनी स्लाव लोकांसाठी लिपी तयार केली, शास्त्र आणि उपासना त्यांच्या बोलीत आणली, आणि लॅटिनशिवाय देवाला काही ऐकू येत नाही असं वाटणाऱ्या बिशपांशी आयुष्यभर भांडले, मेथोडियसला तर त्यापायी कोंडून ठेवलं होतं. मराठीत मिस्सा ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना खरं तर हे दोघे किती जवळचे! पण त्यांच्या नावाने पास खपणार नाहीत हे मलाही कळतं, दोन दाढीवाले भाऊ, एक मठात गेलेला आणि एक बिशप, पोस्टरवर काय दिसणार.

आता मुद्दा असा की हा व्हॅलेंटाईन आपला आहे का नाही हे आपण सोयीने ठरवतो, आणि मला ते खुपतं.

ऑफिसात दर वर्षी कोणी ना कोणी मला म्हणतं, हॅपी व्हॅलेंटाईन्स, तुमचा सण ना! (हीच मंडळी हॅपी गुड फ्रायडे पण म्हणतात, मनापासून म्हणतात, त्यामुळे मी थँक यू म्हणते.) मी समजावते की अहो नाही, आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी काही नसतं. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून कार्डांची दुकानं फोडणं, रस्त्यात कार्डं जाळणं, बागेत बसलेल्या पोरापोरींना दम देणं हा दर फेब्रुवारीचा कार्यक्रम झाला होता. २००९ मध्ये मंगळूरच्या पबमधल्या मारहाणीनंतर कोणी जोडपं चौदा तारखेला दिसलं तर लग्नच लावून देऊ अशा धमक्या आल्या. २०२३ ला तर प्राणी कल्याण मंडळाने त्या दिवशी गाईला मिठी मारा असं पत्रक काढलं आणि चार दिवसांत मागे घेतलं, त्यावर आपण सगळे खूप हसलो. पण या सगळ्यात आपण, म्हणजे आपल्या धर्मग्रामातली शहाणी माणसं, काय बोलत आलो? 'आपला काही संबंध नाही, तो काही आपला सण नाही, आपण शांत राहायचं.' भीती मला कळते. आपण थोडे आहोत, उगाच अंगावर कशाला घ्या. पण मग हॉलच्या आत पंधराशेच्या पासवर तोच माणूस एकदम 'सेंट' कसा होतो? रस्त्यावर मार पडत असताना परका आणि हाऊजीच्या रात्री घरचा, हे मला नाही पटत. घरचा असेल तर दोन्हीकडे घरचा असू द्या.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट तुम्ही पोस्टरच्या मागे छापलीय, की रोमच्या क्लॉडियस बादशहाने सैनिकांना लग्नाची बंदी केली आणि हा फादर गुपचूप लग्नं लावायचा म्हणून त्याचं डोकं उडवलं. त्या बंदीचा काही जुना पुरावा नाही, नंतर रचलेली कथा आहे ती. पण धरून चालू की खरी आहे. मग ही गोष्ट काय सांगते ते तरी नीट वाचा. हा माणूस कोणाला गुलाब देत नव्हता. ज्यांचं लग्न होऊ नये असं सरकारला वाटत होतं त्यांचं लग्न तो लावत होता. असं कोणी आपल्या पॅरिशमध्ये आहे का? भरपूर आहेत की! कुपारी मुलगी आणि कोळी मुलगा, वाडवळ आणि ईस्ट इंडियन, सगळे आपल्याच भागातले समाज, दोघे कॅथलिक, दोघांचा बाप्तिस्मा त्याच पाण्याने, आणि तरी काही घरांत अजून तोंड वाकडं होतं, 'आपल्यात काय मुलं नव्हती का'. हिंदू किंवा मुसलमान जोडीदार असेल तर विचारूच नका. चर्चमध्ये करायचं तर बिशपांची खास परवानगी, मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्यासाठी मी माझ्याकडून सगळा प्रयत्न करेन असं वचन, पुरोहितांच्या चकरा. कोर्टात करायचं तर १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट, तीस दिवसांची नोटीस, आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावलेली, ज्याला घरी फोन करून आग लावायची आहे त्याने नाव-पत्ता उतरवून घ्यावा. त्या तीस दिवसांत त्या पोरांच्या पाठीशी उभं राहायला कोण असतं? आपल्याकडे लग्नाआधीचा कोर्स आहे, चांगला आहे, नैसर्गिक कुटुंबनियोजनापासून बजेटपर्यंत सगळं शिकवतात. पण घरातून हाकललेल्या मुलीने आज रात्री कुठे झोपायचं हे त्यात नाही.

फादर, तुम्ही म्हणाल ही बाई सगळ्यावर तोंडसुख घेतेय. हो, स्वभाव आहे माझा तसा. श्रद्धा असून इतका कुजकटपणा कसा, असं आमच्या घरात पण विचारतात. मला वाटतं श्रद्धा आहे म्हणूनच जास्त आहे. दर रविवारी समोर क्रूस बघायचा आणि मग रील्समध्ये 'ट्रू लव्ह' म्हणजे सरप्राईज डिनर असं ऐकायचं, तर माणूस जरा कुत्सित होणारच. पण दुसऱ्या बाजूने तीच श्रद्धा मला कुत्सित राहू पण देत नाही. कारण तुम्ही पोस्टरवर जो अध्याय छापलाय तोच पुढे म्हणतो, प्रीती सर्वांची आशा धरते. सर्वांची! म्हणजे लाल फुगा घेऊन स्टेशनबाहेर अर्धा तास वाट बघत उभ्या असलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराची पण, ज्याच्याकडे बघून मी मनात हसते. त्याला ते सगळं खरंच वाटतंय. मी त्याची आशा धरत नाही, मी त्याच्या फुग्याची किंमत काढते.

आणि तो अध्याय! लग्नपत्रिकेवर, केकवर, आता कपल नाइटच्या पोस्टरवर. बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र एकदा सलग वाचा, फार मोठं नाही. ते जोडप्यांसाठी लिहिलेलंच नाही, ते भांडणाऱ्या पॅरिशला लिहिलंय. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी म्हणतो मी अपुल्लोचा (तो दुसरा एक प्रचारक), एकमेकांवर कोर्टात केसेस, आणि अकराव्या अध्यायात तर तो भडकलाच आहे, की प्रभूभोजनाला जमता तेव्हा ज्याच्याकडे आहे तो आधीच खाऊन-पिऊन तर्र आणि ज्याच्याकडे नाही तो उपाशी. त्याच लोकांना दोन अध्यायांनंतर तो सांगतो की प्रीती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही. म्हणजे हे सगळं पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगच्या भिंतीवर लावायला पाहिजे, खास करून हॉलच्या कंत्राटाचा विषय निघतो त्या दिवशी. आणि आपण ते कुठे छापलं, तर जिथे पंधराशे नसलेल्याला आत येता येणार नाही तिथे. मी पौल असते तर तिसरं पत्र लिहिलं असतं.

सिंगल एन्ट्री नाही, हे वाक्य चर्चच्या पोर्चमध्ये लावताना कोणालाच हसू आलं नाही का हो? येशूचं लग्न झालं नव्हतं. पौल तर त्याच पत्रात अविवाहितांना सांगतो की माझ्यासारखे राहिलात तर बरं. फादर आणि सिस्टर तुम्ही स्वतः. म्हणजे ज्यांनी हे घर बांधलं त्यांनाच दारात अडवायचं. माझ्या आत्याने लग्न केलं नाही, वेदीवरची कापडं धुऊन-इस्त्री करून तीच आणते हे तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी विषय काढला, तर ती म्हणते, "मला कशाला वाईट वाटेल, पन मला हाऊजी खेळायची हाय. प्रेम तुमचं तुम्हाला ठेवा." तेव्हा निदान हाऊजीपुरतं तरी बघा.

फंड हवाय हे मला माहीत आहे. हॉलचे पत्रे गळतायत, पावसाळ्यात कॅटेकिजमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, मुलांना गळतीखाली ठेवलेल्या बादल्यांच्या मधेमधे बसवावं लागतं. मग तसं सांगा ना! 'पत्र्यांसाठी नाच' असं पोस्टर करा, मी शंभर लोकांना पास विकून देते, एकटे-दुकटे, विधवा, म्हातारे, नवऱ्याशी भांडून आलेल्या, सगळे येतील आणि बिर्याणी पण जास्त खपेल. ते धनुष्यवालं बाळ मात्र काढा, ते रोमन देवीचं पोर आहे, ज्या काळात आपल्या लोकांना मारत होते त्या काळातलं, व्हॅलेंटाईनच्याच नावाशेजारी त्याला उभं करणं म्हणजे जरा अतीच. आणि 'सेंट' ठेवायचंच असेल तर ठेवा, पण मग जमलेल्या पैशातला काही भाग अशा पोरांसाठी बाजूला काढा ज्यांना नोटिशीच्या त्या महिन्यात वकील लागतो, भाड्याची खोली लागते, किंवा नुसतं कोणीतरी मोठं माणूस सोबत येऊन रजिस्ट्रार ऑफिसात बाकावर बसलेलं लागतं. ते शेवटचं काम मी करेन, मला सुट्टी मिळते.

युवा गटातल्या मुलांना एक वेगळं सांगायचंय. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही कार्यक्रम काढला म्हणून निदान विषय तरी निघाला, आमच्या पिढीने तर चर्चमध्ये प्रेमाचा उच्चार फक्त प्रवचनात ऐकला आणि घरी त्यावर मार खाल्ला. तुम्हाला नाचायचंय, नाचा. फक्त बेस्ट कपल स्पर्धा काढून टाका. ज्या जोडप्यांना मी बेस्ट म्हणेन त्यातल्या एका काकांना गेली काही वर्षं काकींना दोन्ही हातांनी धरून संडासला न्यावं लागतं, त्यांना रात्री साडेसातला हॉलमध्ये येता येणार नाही, आणि आले तरी तुमचे जज त्यांना कशावर मार्क देणार? ड्रेस कोड रेड आहे ना.

आणि कौन्सिलला एक व्यवहाराची गोष्ट. २०१८ ला आणि २०२४ ला चौदा तारखेलाच राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आला होता. २०२४ ला आपण गडबडून कार्यक्रम आदल्या शनिवारी उरकला, आणि बुधवारी कपाळावर राख लावून, 'माणसा, तू माती आहेस' ऐकून उपाशीपोटी ऑफिसला गेलो, तिथे रिसेप्शनवर हृदयाचे फुगे. मला तो दिवस फार आवडला होता खरं सांगायचं तर, कारण राख लावणारा फादर सिंगल-डबल विचारत नाही आणि पास पण लागत नाही. यंदा, २०२६ ला, राखेचा बुधवार १८ तारखेला आहे त्यामुळे तुम्ही थोडक्यात सुटलात. पण २०२७ ला १४ फेब्रुवारी रविवार आहे आणि तो उपवासकाळातला पहिला रविवार आहे, शुभवर्तमान येशूच्या रानातल्या मोहाचं असतं त्या दिवशी, आणि २०२९ ला परत राखेचा बुधवारच. दर वर्षीचा कार्यक्रम म्हणून डीजेवाल्याशी तीन वर्षांचा करार करायचं चाललंय असं कानावर आलं. ॲडव्हान्स द्यायच्या आधी कॅलेंडर बघा.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मीटिंग आहे ना, मी येतेय. आत्या पण येतेय.

तुमचीच,
धर्मग्रामातली एक बाई
(पास घेतलेत, नवऱ्याने, मला न विचारता)